सेकंड मालास प्रवास विमा मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
निर्धोक प्रवास विमा कंपनी,
विभागीय कार्यालय, सोलापूर.

अर्जदार : रुद्रप्पा चनबसप्पा हंजगे, वय ६७, धंदा टॉवेल (कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसी), राहणार साखर पेठ, सोलापूर.

विषय : मधुमेही अर्जदारास प्रवास विमा मिळणेबाबत, न मिळाल्यास अर्जदाराची गणना त्याच्या पत्नीच्या सामानात करणेबाबत.

संदर्भ : १) आपला नकाराचा ई-मेल. २) आपला बटणासंबंधीचा ई-मेल. ३) आपला बटणासंबंधीचा दुसरा ई-मेल. ४) पत्नीचा तोंडी आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी गेली चाळीस वर्षे टॉवेलच्या धंद्यात असून सोळा वर्षे मधुमेहात आहे. दोन्ही ठिकाणी मी प्रामाणिकपणे वागलो आहे. माझ्या पत्त्यात 'साखर' हा शब्द आला आहे तो पेठेच्या नावाचा भाग असून त्यास आजाराचा पुरावा धरू नये, ही सुरुवातीलाच विनंती. आपल्या कार्यालयाचा आजवरचा अनुभव पाहता एवढी खबरदारी घेणे मला भाग आहे.

१. आमची एकुलती एक कन्या सौ. सिद्धेश्वरी ही जावई श्री. प्रभु यांच्यासह जर्मनीत राहते. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणे ही तिची नोकरी आहे (हा गुण माझ्याकडून गेला आहे). एप्रिलच्या अखेरीस तिचे बाळंतपण आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे अशी आमच्याकडची रीत, परंतु तिच्या डॉक्टरांना व विमान कंपनीला ती रीत मान्य नसल्याने माहेरानेच उठून तिकडे जावे असे ठरले. माहेर म्हणजे मी आणि माझी पत्नी सौ. शिवबाई, एवढेच. व्हिसासाठी दोघांचाही प्रवास विमा लागतो. शिवबाईचा विमा आपल्याच कंपनीने दिला आहे. माझा दिलेला नाही. व्हिसाच्या कार्यालयात हजर राहण्याची तारीख याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत माझा कागद झाला नाही तर शिवबाई एकटी जाईल आणि मी येथे राहीन. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांवाचून राहिलेलो नाही, आणि या वयात ते शिकण्याची माझी इच्छा नाही.

२. माझा अर्ज मुळात का बिघडला हे समजण्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट आपणांस सांगणे आवश्यक आहे. माझे वडील कै. चनबसप्पा यांनी मला एकच नियम शिकवला. व्यापारी माल बघायला आला की गठ्ठ्यातला सगळ्यात वाईट टॉवेल सगळ्यात वर ठेवायचा. काठ वाकडा गेलेला असो, तेलाचा डाग पडलेला असो, मध्येच धागा तुटून टक्कल पडलेले असो, जो काय असेल तो. व्यापाऱ्याने तो आधी पाहावा, तोंड वाकडे करावे, भावात थोडी घासाघीस करावी, आणि मग खालचा माल बघता बघता त्याचे तोंड आपोआप सरळ व्हावे. बाजारात बरेच जण याच्या उलट करतात, चांगला नग वर ठेवतात, आणि आठवड्याने त्यांचा गठ्ठा टेम्पोत बसून परत येतो. आमचा माल आजवर परत आलेला नाही. ही फुशारकी नव्हे, एमआयडीसीत कोणालाही विचारावे.

३. आता विम्याचा फॉर्म. आपले प्रतिनिधी श्री. रेवणसिद्ध हे आमच्या गल्लीतले आहेत. त्यांना दोन मुले आहेत व डोक्यावर केस कमी झाले आहेत, तरी गल्लीत त्यांना अजून पोरगाच म्हणतात. त्यांनी मला बजावले होते की, आजाराच्या रकान्यात फक्त 'मधुमेह, गोळ्या चालू' एवढेच लिहावे. ते चहा प्यायला आत गेले तेव्हा मी फॉर्म पुढे ओढला आणि वडिलांच्या नियमाप्रमाणे सगळी खोट वर काढून ठेवली. रकाना पुरला नाही, म्हणून जोडपत्र लावले. त्यातील मजकूर आपल्या दफ्तरी आहेच, तरी सोयीसाठी थोडक्यात पुन्हा देतो : मधुमेह, डावा गुडघा, जो पाऊस येण्याच्या आदल्या दिवशी दुखतो आणि बहुधा बरोबर असतो, लहानपणी झालेला डांग्या खोकला, सायकलवरून पडल्याने कपाळावर आलेली खोक, वडिलांचा दमा (मला नाही, पण गठ्ठा एकाच मागावरचा), बिनसाखरेच्या चहानंतर दुपारी येणारा राग, सरकत्या जिन्याची भीती, घोरणे, जे मला मान्य नाही पण पत्नीचे म्हणणे म्हणून नोंदवले, आणि तिसरीत असताना शर्टाचे एक बटण गिळले होते ते बाहेर पडल्याचे माझ्या माहितीत नाही, सबब ते अद्याप आत असल्याचे धरावे.

रेवणसिद्ध चहा पिऊन बाहेर आले तोवर मी तो फॉर्म त्यांच्याच मोबाईलवरून पाठवून मोकळा झालो होतो. जोडपत्राचा फोटोसुद्धा मीच काढला. त्यांनी तो वाचला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काका, तुमी फॉर्म भरलाय का स्वतःचा पंचनामा केलाय? एवढं कुनी इचारलं होतं?" मी त्यांना सांगितले की कोणी विचारण्याची वाट पाहतो तो व्यापारी नव्हे. शिवबाई दारात उभी होती. तिचा फॉर्म याच बैठकीत, याच मोबाईलवर भरला गेला. रेवणसिद्धांनी तिला विचारले, "काकू, काय आजार?" ती म्हणाली, "न्हाय की." तिच्या चहाची बशी धुऊन होण्याआधी तिचा विमा आला.

४. माझा आला नाही. दोन दिवसांनी आपल्या कंपनीच्या वैद्यकीय पडताळणी विभागातून एका बाईंचा फोन आला. आवाज फार चांगला होता. त्यांनी मधुमेहाबद्दल मोजके प्रश्न विचारले आणि बाकी सगळे बटणाबद्दल. बटण कोणत्या रंगाचे होते, किती भोकांचे होते, गिळण्यामागे हेतू काय होता. गेल्या चार वर्षांत मी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो होतो का, असेही विचारले. होय, दर महिन्याला जातो, असे मी उत्तर दिले. दवाखान्याचे टॉवेल आम्हीच पुरवतो, हे सांगेपर्यंत त्यांनी 'होय' लिहून घेतले होते. त्यानंतर आपला ई-मेल आला की बटण शरीराबाहेर पडल्याचा पुरावा दिनांकासह सादर करावा.

मी स्वखर्चाने एक्स-रे काढला. डॉक्टरांनी त्यावर 'बटण आढळत नाही' असे लिहून दिले. मला वाटले, संपले. यावर आपल्या विभागाने उलट कळवले की, बटण आढळत नाही याचा अर्थ बटण बाहेर पडले असा होत नाही, ते शरीरात कोठेतरी जिरले असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागेल. या घटनेच्या एकमेव साक्षीदार माझ्या मातोश्री होत्या. त्या आता हयात नाहीत. तिसरीतल्या वर्गशिक्षिका गिरिजाबाई हयात आहेत, त्यांना मी फोन केला. त्यांचे वय नव्वदीच्या घरात असून त्यांनी मला ओळखले, माझ्या भागाकाराची आठवण काढली, पण बटणाबाबत त्या काही सांगू शकल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या फाईलवर 'बटण प्रलंबित' असा शेरा आहे. मधुमेहाचे काय, असे मी विचारले असता तो त्यानंतर पाहिला जाईल असे कळवण्यात आले.

५. रेवणसिद्धांनी खटपट करून बटण बाजूला ठेवायला लावले आणि माझी रक्ततपासणी ठरवली. साखर ठरावीक आकड्याच्या आत आली तर विमा मिळेल, असा निरोप होता. मी भात सोडला. पहाटे होम मैदानाला चकरा मारू लागलो. ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी यांवर राहिलो. साखर शहाण्यासारखी खाली येऊ लागली होती.

याच सुमारास हंजगे जर्मनीला चालले ही बातमी पेठेत पसरली. आमच्याकडे कोणी लांब जायला निघाले की घराघरातून बोलावणे येते, आणि बोलावणे म्हणजे पोळी. शेजारच्या कमलम्मा यांनी पहिल्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. मी नको म्हटल्यावर त्या शिवबाईला म्हणाल्या, "अजून इमानात बसलं न्हाईत, तवर आमची पोळी नको झाली." एका घरी नाही म्हटले की दुसऱ्या घरी मानापमान, म्हणून मी प्रत्येक घरी अर्धी पोळी खाल्ली. पेठेतल्या अर्ध्या पोळ्यांची बेरीज कोणी करीत नाही, रक्त करते. त्यात संक्रांत आली, गड्ड्याची यात्रा भरली, आणि जो भेटेल तो हातावर तिळगूळ ठेवू लागला. यातून सुटण्यासाठी मी एक युक्ती केली. जर्मनीचे जाणे रद्द झाले, असे मीच पेठेत सांगून टाकले. त्याच संध्याकाळी आमच्या सांत्वनाला लोक आले आणि वाईट वाटू नये म्हणून येताना खव्याचे पेढे घेऊन आले. कमलम्मा यांनी स्वतःच्या हाताने मला भरवले. त्यांचे डोळे भरून आले होते, अशा वेळी तोंड मिटून बसणे मला जमले नाही.

तपासणी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होती. निकाल काय लागला हे लिहून मी आपला वेळ घेत नाही. तंत्रज्ञाने तो कागद मला देताना दोन्ही हातांनी दिला. सदर साखर ही माझी नसून साखर पेठेची आहे असे मी लेखी कळवले होते, पण त्यावर आपला नकाराचा ई-मेल आला.

६. अखेर आपल्या कंपनीने मोठ्या मनाने एक मार्ग सुचवला. विमा मिळेल, पण मधुमेह आणि मधुमेहामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे उद्भवणारे सर्व काही वगळून. मी आणि रेवणसिद्ध वगळलेल्या गोष्टींची यादी घेऊन पंख्याखाली बसलो. डोळे वगळले होते. हृदय वगळले होते. मूत्रपिंड, पाय, पायाची बोटे, रक्तवाहिन्या, नसा, कातडी, हिरड्या वगळल्या होत्या. चक्कर येऊन पडलो तर पडणे वगळले होते आणि पडताना जे मोडेल तेही वगळले होते. सगळे खोडून झाल्यावर विम्यात दोनच गोष्टी उरल्या. एक माझे केस, जे मला नाहीत. दुसरी माझी बॅग. रेवणसिद्ध म्हणाले, "काका, घेऊन टाका, निदान बॅग तरी सुखरूप जाईल." हा कागद मी व्हिसा कार्यालयात चौकशीसाठी पाठवला असता, त्यांना बॅगेचा नव्हे तर माणसाचा विमा हवा आहे, असे उत्तर आले.

७. येथे मी आपले लक्ष त्या बॅगेकडे वेधू इच्छितो. सदर बॅग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्हा दोघांत मिळून एक घेतली आहे. तिची चेन अर्ध्यात अडकते. एक चाक पूर्वीपासूनच नाही. मूठ तुटल्यावर मी टॉवेलच्या काठाची पट्टी शिवून तिला नवी मूठ लावली आहे. असे असता आपल्या कंपनीने तिची पडताळणी केली नाही, तिला फोन केला नाही, ती काय गिळून बसली आहे हे विचारले नाही. गेलेल्या चाकाला कोणी पूर्वीपासूनचा आजार म्हटले नाही. शिवबाईच्या विम्यात याच बॅगेची जबाबदारी आपण हरवण्यापासून उशिरा पोचण्यापर्यंत आनंदाने घेतली आहे. बॅग उशिरा पोचली तर तिच्या मालकिणीला दात घासण्याचा ब्रश आणि साबणसुद्धा मिळणार आहे.

८. सबब माझी विनंती अशी की, माझी गणना सौ. शिवबाई हिच्या सामानात करावी. मी सामानाच्या सर्व अटी पूर्ण करतो. मी तिच्या मागे मागे जातो. ती ठेवेल तेथे बसतो. वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, परंतु जादा वजनाचा दर असतो असे कळते. ओळखीसाठी मनगटाला लाल फीत बांधायची माझी तयारी आहे, म्हणजे पट्ट्यावरून येताना दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही. आत ज्वलनशील काही नाही. बटण असल्यास ते एक्स-रेमध्ये दिसलेले नाही, हे आपल्याच फाईलवर आहे. ही विनंती मी गमतीने करत नाही.

९. येथपर्यंतचा अर्ज मी मागच्या आठवड्यात लिहून पूर्ण केला होता. सही करायची बाकी होती. तो तसाच पाठवला असता तर बरे झाले असते, पण मग तो खोटा झाला असता. का, ते सांगतो.

रक्ताचा निकाल बिघडल्यापासून मी साखर मोजायचे छोटे यंत्र घरी आणले होते. रोज सकाळी बोटाला सुई टोचून मी स्वतःला मोजतो. आमच्याकडे नवा काटा आणला की त्यावर आधी खात्रीचे वजन ठेवून बघतात, काटा खरा आहे की नाही ते कळते. त्याप्रमाणे यंत्र खरे आहे का हे बघण्यासाठी मी घरातला खात्रीचा नग म्हणून शिवबाईचे बोट धरले. तिला काही आजार नाही, आपल्या कंपनीनेही तसे लिहून दिले होते. यंत्राने माझ्यापेक्षा मोठा आकडा दाखवला. मला हसू आले. मी दुकानदाराकडे जाऊन भांडलो आणि यंत्र बदलून आणले. दुसऱ्यानेही तेच दाखवले. मी दुकानदाराला पुन्हा बोललो, ते मागे घेण्यासाठी मला परत जावे लागले. मग आम्ही उपाशीपोटी लॅबमध्ये गेलो. आकडा खरा निघाला.

महोदय, मी सोळा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या खात आहे. तहान तहान करणे, पायांना मुंग्या येणे, सारखे उठावे लागणे, ही सगळी लक्षणे मला पाठ आहेत. शिवबाईला ती वर्षभर तरी होत असावीत. मी माझे पाय तिच्याकडून तपासून घेत होतो आणि तिच्या पायांकडे पाहिले नव्हते. मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. ती एकटी तिकडे गेली असती, दिवसभर मुलीचे आणि बाळाचे करत बसली असती, आणि तिला काय होते आहे हे ना तिला कळले असते, ना तेथे कोणाला. आपला विमा तेवढा तिच्या पिशवीत राहिला असता, आजार नाही असे लिहिलेला.

१०. आता प्रश्न असा की हे आपणांस कळवावे की नाही. वडिलांचा नियम खोट वर ठेवण्याचा आहे, पण त्याला एक पोटनियम आहे, की खोट दाखवायची ती आपल्या मालातली. दुसऱ्याच्या गठ्ठ्यातला डाग बोट लावून दाखवणे हा धंद्यातला हलकटपणा समजतात. विमा शिवबाईचा, रक्त शिवबाईचे. म्हणून मी ते अर्जात घातले नाही. वरचा आठ कलमांचा अर्ज तिला वाचून दाखवला, कारण कोणताही कागद तिला ऐकवल्याशिवाय मी बाहेर पाठवत नाही. तिने गुडघ्यापासून बॅगेपर्यंत सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ह्यात माझं कुटं हाय?"

मी तिला पोटनियम समजावून सांगितला. खरे कळवले तर झालेला विमा जाईल, दोघेही येथेच राहू, पोरगी तिकडे एकटी पडेल, हेही सांगितले. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "तुमची खोट वर ठिवायची आन माझी खाली दाबायची व्हय? मी काय दुसऱ्याचा गठ्ठा हाय? लगीन झाल्यापासनं एकाच गाठोड्यात हाओत की आपण. लिवा. मामंजी असते तर त्यांनी मलाच वर ठिवलं असतं." हाच तो संदर्भ क्रमांक चारचा आदेश. त्यास अनुसरून मी कळवतो की, आपण विमा दिलेल्या सौ. शिवबाई रुद्रप्पा हंजगे, वय ६१, यांना मधुमेह असल्याचे आढळून आले आहे. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. सकाळच्या मी देतो, रात्रीच्या त्या मला देतात.

११. येथे आणखी एक गोष्ट सांगून मागणीकडे वळतो. डाग पडलेला, काठ वाकडा गेलेला टॉवेल आम्ही टाकून देत नाही. त्याला सेकंड म्हणतात. तो डझनावर नव्हे तर किलोवर विकला जातो, आणि त्याला गिऱ्हाईक असते. अंग पुसण्यात तो कोठेही कमी पडत नाही. आमच्या घरात आजवर पहिल्या प्रतीचा टॉवेल वापरलेला नाही. चांगला माल हॉटेलांना जातो, सेकंड घरी येतो. सिद्धेश्वरी लहान असताना सेकंडमध्येच गुंडाळली जायची आणि तिला कधी सर्दी झालेली मला आठवत नाही. आपल्या कंपनीकडे मात्र फक्त फर्स्ट माल घेण्याची पद्धत दिसते, जो तपासला नाही तो फर्स्ट. या पद्धतीने एखादा टॉवेलवाला दिवाळीपर्यंत टिकला नसता.

तरी मागणी अशी :

मुख्य मागणी. आम्हा दोघांना सेकंड माल म्हणून, एकाच गठ्ठ्यात, खोट मान्य करून विमा द्यावा. किलोवर भाव लावायचा असल्यास आमची हरकत नाही. मधुमेह वगळू नये, कारण तो वगळला तर आमच्यात फारसे काही उरत नाही हे कलम ६ मध्ये दाखवले आहे. जास्तीचा आकार आम्ही भरू.

पर्यायी मागणी. हे शक्य नसल्यास आता आम्हा दोघांचीही गणना सामानात करावी. यावर आपण हरकत घ्याल की दोघेही सामान झाले तर मालक कोण. ही हरकत योग्य आहे, मी तिच्यावर विचार केला आहे. माल पाठवताना चिठ्ठीवर घेणाऱ्याचे नाव लिहितात. आमच्या चिठ्ठीवर सौ. सिद्धेश्वरी हिचे बाळ, जर्मनी, असे लिहावे. त्या बाळासाठी मी स्वतः मागावर उभे राहून एक टॉवेल काढला आहे. माझ्या हयातीतला तो पहिला नग आहे ज्यात मला खोट सापडली नाही. बॅगेत सगळ्यात वर तोच ठेवला आहे, एवढ्यापुरता वडिलांचा नियम मोडला. त्या टॉवेलचा विमा शिवबाईच्या बॅगेबरोबर झालेलाच आहे. तो घेऊन जाणाऱ्या माणसांचा तेवढा करावा. माल घेणाऱ्याचे नाव अद्याप ठेवलेले नाही, आणि ते ठेवताना आम्ही दोघे तेथे असावे, याहून जास्त काही मला मागायचे नाही.

उत्तर शक्यतो ई-मेलने नको, माणसाकरवी द्यावे. माणूस आल्यास चहा बिनसाखरेचा मिळेल, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला नम्र आणि अद्याप विम्याविना,

(सही)
रुद्रप्पा चनबसप्पा हंजगे
सोलापूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) माझ्या रक्ताचे रिपोर्ट, वाईट वर, चांगले खाली.
२) सौ. शिवबाई यांचा रिपोर्ट, सगळ्यात वर.
३) एक्स-रे (बटणविरहित).
४) बॅगेचा फोटो, गेलेल्या चाकाच्या बाजूने.
५) सेकंड टॉवेल एक नग, नमुन्यादाखल. डाग वर येईल अशी घडी घातली आहे. परत करण्याची आवश्यकता नाही, वापरून पाहावा.

सहअर्जदाराचे म्हणणे (तिने सांगितले तसे उतरवून घेतले) :

वरचं समदं मला वाचून दाखवलं, खरं हाय. घोरनं तर लईच खरं हाय. आन ते बटन दुसऱ्याच दिवशी निघालं हुतं. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्सीच सांगितलंय, पांढरं हुतं, चार भोकांचं, धुऊन परत त्याच शर्टाला लावलं हुतं. एवढे दिवस का बोलली न्हाईस म्हून हे आता माझ्याकडं बघायलेत. मला कुनी इचारलंच न्हाय की.

(सही) शिवबाई रुद्रप्पा हंजगे